परळ ते खारघर : जंतू आणि पेशी यांच्या नात्याचा मागोवा

पनवेल तालुक्यात दोन संस्था आहेत. खारघरच्या डोंगराशेजारी टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे आणि नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. एका ठिकाणी कर्करोगाचा अभ्यास चालतो, दुसऱ्या ठिकाणी कुष्ठरोगाने घरापासून तोडलेल्या माणसांना आधार मिळतो. वरवर पाहता या दोन रोगांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण ॲक्ट्रेकची मुळे ज्या परळच्या संस्थेत आहेत, तिथे सत्तर वर्षांपूर्वी या दोन्ही रोगांवर एकाच छपराखाली काम सुरू होते. प्रश्नही एकच होता : बाहेरून आलेला जंतू आपल्या शरीरात नेमके काय पकडतो, आणि त्या पकडीतून रोग कसा होतो?

ती संस्था म्हणजे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. १९४१ साली परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. विकृतिशास्त्रात त्यांचा अधिकार मोठा होता. १९५२ साली त्यांच्याच पुढाकाराने हे संशोधन केंद्र उभे राहिले. खानोलकरांचा कर्करोगावरचा व्यासंग सर्वांना ठाऊक आहे, पण कुष्ठरोगानेही त्यांना तितकेच झपाटले होते. चट्टा नुकता उमटू लागलेल्या त्वचेचे बारीक काप ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातही मज्जातंतूंमध्ये जंतू सापडतात, हे त्यांनी दाखवले. कुष्ठरोगाच्या जंतूला मज्जातंतूच हवे असतात, असे त्यांचे म्हणणे होते. पण ते का हवे असतात, याचे उत्तर मिळवायची साधने तेव्हा जगात कुणाकडेच नव्हती.

अडचण आणखीही होती. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली हा जंतू पाहिला, पण तो प्रयोगशाळेतल्या कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. आजही वाढत नाही. जिवंत पेशीवाचून त्याला वाढताच येत नाही. म्हणून त्याचा अभ्यास करायचा तर आधी शरीराबाहेर पेशी वाढवण्याची विद्या साधायला हवी होती.

ही विद्या मुंबईत आणली डॉ. कमल रणदिवे यांनी. त्या पुण्यात १९१७ साली जन्मल्या. माहेरच्या समर्थ, हुजूरपागेत शिकल्या. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुंबई विद्यापीठातून १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. 'हेला' नावाने जगभर पोचलेल्या पेशी ज्यांनी १९५१ साली वाढवल्या, तेच हे गाय. ऊतिसंवर्धनाचे तंत्र तिथे आत्मसात करून रणदिवे परतल्या आणि परळला त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

१९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून मिळालेला एक जीवाणू वाढवून दाखवला. संस्थेच्याच आद्याक्षरांवरून त्याला 'आयसीआरसी बॅसिलस' असे नाव पडले. हाच कुष्ठरोगाचा जंतू, असा दावा पुढे टिकला नाही. तो जंतू त्याच घराण्यातला, पण निराळा निघाला. तरीही काम वाया गेले नाही. या जीवाणूची काही प्रथिने कुष्ठरोगाच्या जंतूशी इतकी मिळतीजुळती आहेत की, शरीराला एकाची ओळख पटली की दुसऱ्याचीही पटते. याच गुणाचा उपयोग करून संस्थेचे पुढचे संचालक डॉ. एम. जी. देव यांनी मारलेल्या जीवाणूंपासून लस तयार केली. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात डॉ. एम. डी. गुप्ते यांच्या देखरेखीखाली लाखाहून अधिक लोकांवर चार लशींची तुलना झाली. १९९८ साली निष्कर्ष आले : आयसीआरसी लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले, तर नुसत्या बीसीजीने सुमारे ३४ टक्के. पण तोवर बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या वेगाने खाली आली होती आणि ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात गेली नाही.

खानोलकरांच्या प्रश्नाचे उत्तर त्याच सुमारास न्यूयॉर्कहून आले. रॉकफेलर विद्यापीठात अनुरा रंबुक्काना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७-९८ मध्ये ही पकड उलगडली. मज्जातंतूंभोवती श्वान पेशींचे आवरण असते. या पेशींच्या बाहेर लॅमिनिन-२ नावाच्या प्रथिनाचा थर असतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर डिस्ट्रोग्लायकन नावाचे ग्राहक प्रथिन असते. एरवी या दोघांची जोडी मज्जातंतूचे आवरण नीट राखण्याचे काम करते. कुष्ठरोगाचा जंतू आधी लॅमिनिनला चिकटतो आणि त्याच्या आधाराने डिस्ट्रोग्लायकनपर्यंत पोचतो. २००० साली आणखी एक दुवा हाती आला : जंतूच्या भिंतीतला पीजीएल-१ हा स्निग्ध पदार्थ लॅमिनिनला धरून ठेवतो, आणि हा पदार्थ कुष्ठरोगाच्या जंतूची खास ओळख आहे. हात-पाय बधीर होणे, बोटे वाकणे, जखम होऊनही न कळणे, या साऱ्या दुःखाची सुरुवात दोन रेणूंच्या या भेटीत आहे. परळच्या सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसले होते, त्याचे कारण चाळीसेक वर्षांनी कळले.

कर्करोगाच्या बाजूनेही विज्ञान याच वाटेने चालले होते. १९७९ साली माकडांतल्या एका विषाणूच्या प्रथिनाला चिकटलेले पेशीचे एक प्रथिन सापडले. त्याला पी५३ म्हणतात. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की पी५३ पेशीचे विभाजन थांबवते आणि इजा भरून येण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावते. आरबी हे दुसरे प्रथिनही विभाजनावर असाच लगाम ठेवते. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, १६ क्रमांकाचा प्रकार शोधला. पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा सापडला. २००८ साली त्यांना याबद्दल नोबेल मिळाले. विषाणू करतो काय, हे १९८९ आणि १९९० सालच्या प्रयोगांनी सांगितले. त्याचे ई७ हे प्रथिन आरबीला धरते आणि ई६ हे पी५३ ला. ई६ ची चाल विशेष घातक आहे. पेशीत जुनी प्रथिने मोडीत काढण्याची एक यंत्रणा असते. ई६ त्या यंत्रणेतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरते आणि पी५३ वर मोडीचा शिक्का मारून घेते. घरच्याच चौकीदाराला घरच्याच माणसाकरवी बाहेर काढावे, तसा हा प्रकार आहे.

बाल्टिमोरच्या त्या हेला पेशींतही एचपीव्ही-१८ होता. विषाणूची ई६ आणि ई७ ही जनुके बंद केली की पी५३ परत येते आणि या पेशींची वाढ थांबते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले. पन्नास वर्षे वाढत राहिलेला कर्करोग विषाणूच्या त्या पकडीवरच तगून होता. या विषयातला इतका स्पष्ट पुरावा मला दुसरा माहीत नाही.

प्रयोगशाळेतल्या या ज्ञानाची खरी परीक्षा आपल्या महाराष्ट्रात झाली. विषाणूवाचून हा कर्करोग जवळपास होतच नाही, तर मग विषाणूचीच तपासणी का करू नये? टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या स्त्रियांची तपासणी केली गेली नाही, यावर पुढे वैद्यकीय नीतीचे गंभीर प्रश्न विचारले गेले, आणि ते विचारले जायलाच हवे होते. जगभरच्या तपासणी धोरणांना आधार देणारे हे ज्ञान मराठवाड्यातल्या बायकांनी दिले आहे. त्याचे ऋण मानले पाहिजे.

या शतकाच्या सुरुवातीला परळची कर्करोग संशोधन संस्था खारघरला आली आणि ॲक्ट्रेक हे नाव रूढ झाले. आता साधने पार बदलली होती. इथल्या डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने गाठींतल्या डीएनएचे वाचन करून त्यात माणसाखेरीज आणखी कुणाच्या खुणा आहेत, हे शोधायला सुरुवात केली. २०१५ साली त्यांनी एचपीव्ही शोधणारी संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. २०१६ साली पित्ताशयाच्या कर्करोगाच्या काही नमुन्यांत साल्मोनेला जीवाणूच्या डीएनएच्या खुणा दाखवल्या. २०२२ साली जिभेच्या कर्करोगाचा अभ्यास आला. एचपीव्ही नसलेल्या, सुरुवातीच्या अवस्थेतल्या गाठींमध्ये फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या तोंडातल्या जीवाणूचा संबंध दाह आणि रुग्णांच्या कमी आयुष्याशी दिसला. तंबाखू आणि सुपारीने गांजलेल्या आपल्या देशात हा धागा महत्त्वाचा आहे. आतड्याच्या कर्करोगात हाच जीवाणू आपल्या एफएडीए या प्रथिनाने पेशींच्या ई-कॅडहेरिनला धरतो आणि पेशींना वाढीची चेतना देतो, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले होते. संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर आहे. ते अंतर कापायचे तर पुन्हा तेच विचारावे लागेल : इथे कोण कोणाला धरते आहे?

या सात दशकांतून मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. जंतू नुसता शरीरात शिरला म्हणून रोग होत नाही. आपल्याच एखाद्या प्रथिनाला तो धरतो, तेव्हा रोग उभा राहतो. ती जागा कळली की लस, तपासणी आणि औषध यांची दिशा कळते. परंतु कळल्यापासून माणसापर्यंत पोचायला फार वर्षे जातात. एचपीव्ही-१६ सापडला १९८३ साली. पहिली लस बाजारात आली २००६ साली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या देशी लशीला मान्यता मिळाली ती २०२२ साली. मधल्या काळात ज्या स्त्रिया गेल्या, त्यांच्यासाठी विज्ञान उशिरा आले. पुढचा उशीर मात्र विज्ञानाचा नसेल, तो आपला असेल.

म्हणून पनवेलकरांना आणि सर्वच वाचकांना विनंती आहे. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्ही लशीबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. तिशी ओलांडलेल्या आई, बहीण, पत्नी यांची गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. त्रास होत नसतानाच ती करायची असते. तंबाखू सोडा. आणि अंगावर स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर लपवू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाचे औषध तिथे मोफत मिळते, आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.