धोबी तलावचे बस्तानी

ज्या चौकाच्या एका अंगाला १९३८ साली उघडलेले मेट्रो चित्रपटगृह, दुसऱ्या अंगाला फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटची जुनी वास्तू आणि तिसऱ्या अंगाला, बोटीची वाट पाहत मुक्कामास राहिलेल्या गोमंतकीय खलाशांचे गावोगावचे कूड आपल्या मजल्यांवर सामावून घेणारा जेर महाल उभा होता, त्या धोबी तलावच्या चौकात ‘बस्तानी अँड कंपनी’ या नावाचे इराण्याचे हॉटेल अनेक दशके चालत होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते कायमचे बंद झाले. रस्त्यापलीकडचे कयानी, ज्याची स्थापना १९०४ सालची, ते सुदैवाने अद्याप चालू आहे. पण आम्हां गिरगावकरांच्या बोलण्यात ‘इराण्याकडे बसू’ या शब्दांचा अर्थ बहुधा बस्तानीकडे बसू असाच असे.

हे इराणी म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावर शतकानुशतके रुजलेले पारशी नव्हेत, हा भेद पुष्कळ मराठी वाचकांच्या ध्यानी नसतो. यझ्द आणि किरमाण या प्रांतांतील खेड्यांत राहणाऱ्या जरथुष्ट्री शेतकऱ्यांवर जिझियाचा बोजा होता, आणि तेथील बांधवांच्या वतीने माणेकजी लिमजी हातारिया यांनी तेहरानच्या दरबारी वर्षानुवर्षे अर्जविनंत्या केल्यानंतर तो १८८२ साली रद्द झाला. तत्पूर्वीचे दुष्काळ, नंतरही न संपलेली असुरक्षितता आणि मुंबईची कीर्ती यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही माणसे इकडे येत राहिली. त्यांच्या मागोमाग काही मुसलमान इराणीही हॉटेलांच्या याच व्यवसायात शिरले. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून टाळीत, तीच या नवागतांनी पत्करली, आणि दोन रस्त्यांवर उघडणारी, वाऱ्याची व उजेडाची ती जागा हॉटेलास सर्वांत सोयीची ठरली.

आत शिरताच डाव्या-उजव्या हातांस बरण्यांची रांग, गल्ल्यावर बसलेला शेठ, भिंतीवर जरथुष्ट्राची तसबीर, संगमरवरी पृष्ठाची मेजे आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या, हा सरंजाम मुंबईतील कोणत्याही इराण्याकडे थोड्याफार फरकाने आढळे, आणि बस्तानीचे दालन त्यास अपवाद नव्हते. पण माझ्या मनात ठसून राहिली आहे ती ब्रुन मस्क्याची तयारी. बाहेरून कठीण, आतून मऊ असा तो पाव पोऱ्या लांब सुरीने आडवा चिरी, लोणी एका फटक्यात काठापर्यंत पसरी, दोन्ही अर्धे भाग परत मिटून उभे तीन-चार छेद देई, आणि बशी मेजावर ठेवताना तिचा जो खणकन् आवाज होई तो ऐकून शेजारच्या मेजावरचा माणूस वर्तमानपत्रातून डोके वर काढी. चहा आधीच दाट; त्यातही ‘पानी कम’ अशी मागणी केली तर तो इतका गडद येई की पावाचा तुकडा त्यात बुडवून वर काढल्यावर त्याला तपकिरी किनार दिसे. खाणे उरकून गिऱ्हाईक गल्ल्याकडे निघाले की पोऱ्या मागून मोठ्याने हिशेब पुकारी. कागदाचा चिटोरा नसे. तोंडी हिशेबावर सारा व्यवहार चाले, आणि त्याबद्दल तक्रार झालेली मी कधी ऐकली नाही.

भिंतीवरच्या सूचना हा मात्र स्वतंत्र विषय आहे. केस विंचरू नका, विनाकारण फार वेळ बसू नका, कॅबिनमध्ये चाळे करू नका, अशा हुकुमांच्या पंक्तीतच कोणत्याही जातीच्या माणसाचे येथे स्वागत आहे, असेही सांगितलेले असे. निस्सीम इझिकेल यांची ‘इराणी रेस्टॉरंट इन्स्ट्रक्शन्स’ ही इंग्रजी कविता बस्तानीतील अशाच फलकावरून सुचली असे मानले जाते. कवी बेने इस्रायल समाजाचा, ज्या समाजाची घरची भाषा मराठी. इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी रूपांतर करण्यात ज्याचा हात होता तो हा कवी. अशा माणसाची नजर त्या फलकावर पडावी हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

जातीविषयीच्या त्या ओळीचे मोल समजण्यासाठी तो काळ आठवावा लागतो. ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’ अशी पाटी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उघडपणे लावली जात असे, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसासाठी निराळी कपबशी ठेवण्याचा अमानुष शिरस्ता अनेक ठिकाणी होता. इराण्याच्या मेजावर गोदीतला हमाल, कचेरीतला कारकून, झेवियर्सचा विद्यार्थी आणि जेर महालातला खलाशी एकाच प्रकारच्या पेल्यात पाणी पीत. पुष्कळ सोवळ्या घरांतील मुलांनी पहिले आम्लेट येथेच, घरी न सांगता, खाल्ले. याचे श्रेय एखाद्या समाजाच्या उपजत औदार्यास देणे मला मान्य नाही. १९१७ साली बडोद्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना एका पारशी धर्मशाळेतून लाठीधारी जमावाने बाहेर काढले, हे विसरून चालणार नाही. समता येथे आली ती धंद्याच्या वाटेने: ज्याच्या खिशात चहापुरते पैसे आहेत तो गिऱ्हाईक, यापलीकडे चौकशी करण्यास परक्या मुलखातून आलेल्या दुकानदाराला ना सवड होती ना कारण. तरीही ती खरी समता होती, आणि तिने सामान्य माणसाची हिंमत वाढवली, असे माझे ठाम मत आहे.

अशी हॉटेले का मिटली याची कारणे सांगण्यास फार वेळ लागत नाही. बहुतेक ठिकाणी मालकी अनेक हिस्सेदारांत वाटलेली असे व ते पाळीपाळीने गल्ला सांभाळीत. पुढच्या पिढीत हिस्से आणखी विभागले, मुले डॉक्टर-इंजिनिअर होऊन परदेशी गेली, आणि पहाटे चारला भट्टी पेटवण्यास कोणी उरले नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेल्या भाड्यामुळे जुन्या जागांत चहा विकून टिकणे शक्य झाले होते, पण त्याच जागांची पागडी पुढे इतकी वाढली की चहा विकण्यापेक्षा जागा सोडणे फायद्याचे ठरू लागले. कित्येकांनी परमिट रूम काढली. उडप्यांच्या झटपट सेवेपुढे निवांत बसू देणारा इराणी मागे पडला. जवळचे मेट्रोही पुढे बहुपडदा चित्रगृह झाले, आणि मॅटिनी सुटल्यावर चौकात उतरणारी ती गर्दी पूर्वीसारखी राहिली नाही.

गिरण्यांचा इतिहास लिहिला गेला, चित्रपटगृहांचाही लिहिला जातो आहे. या हॉटेलांचे दप्तर मात्र कोणाच्या ताब्यात आहे ते पाहिले पाहिजे. हिस्सेदारीचे करारनामे, बेकरीची टिपणे, भिंतीवरचे फलक, पुरवठादारांच्या वह्या हे कागद घरोघरी ट्रंकांत पडून असण्याचा संभव आहे, आणि वारसांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी १८९८ पासून चालत आलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेने ते मागून घ्यावेत. गिऱ्हाइकामागून हिशेब पुकारणाऱ्या पोऱ्यांपैकी जे हयात असतील त्यांच्या जबान्या टिपून घेण्याचे कामही त्याच वेळी हाती घ्यावे, कारण मालकांच्या आठवणी छापल्या जातात, नोकरांच्या कोणी विचारीत नाही.