मधला कारकून

भारत स्टेज सहाची मानके १ एप्रिल २०२० पासून अमलात आली, आणि ज्याच्या एअर स्क्रूवर जुन्या मेस्त्रींची निम्मी कीर्ती उभी होती तो कार्बोरेटर नव्या मोटारसायकलींवरून जवळजवळ निखालस नाहीसा झाला. इंजिन चांगले तापवून, स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आवळून आणि मग थोडा थोडा सैल करीत, जेथे आयडलिंगचा ठोका सर्वांत जलद व सर्वांत एकसारखा पडे तेथे हात थांबवणारा बुलेटचा मेस्त्री मी पुष्कळदा पाहिला आहे. हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा अंतिम निवाडा त्याच्या कानाकडे असे. तो अधिकार आता ईसीयू नावाच्या मोहोरबंद पेटीकडे गेला. आणि बाजारात इंधन-ट्यूनिंगचे जे छोटे मॉड्यूल मिळते, ज्यात बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचे फ्युएलएक्स आणि अमेरिकेतील डायनोजेटचे पॉवर कमांडर ही नावे विशेष प्रसिद्ध आहेत, ते घरी बसवण्याचा खटाटोप म्हणजे गेलेल्या अधिकाराचा एक लहानसा हिस्सा मालकाने मागल्या दाराने परत मिळवण्याचा प्रयत्न होय.

शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्णांशाने जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इंजिनाला अधिकात अधिक जोर मात्र १३ च्या आसपास, म्हणजे किंचित पेट्रोलबहुल मिश्रणात सापडतो. उलट सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १४.७ च्या अगदी निकट राहिल्यावाचून धुराचे शुद्धीकरण नीट करीत नाही. कायद्याने कन्व्हर्टरचा पक्ष घेतला, हे सार्वजनिक हिताच्या दृष्टीने यथोचितच झाले. परंतु त्याचा भुर्दंड चालवणाराला सोसावा लागतो. रहदारीत, तिसऱ्या गिअरमध्ये, मूठ जेमतेम उघडी असता गाडी बारीक झटके मारते, मूठ सोडताच सायलेन्सर फटाके फोडतो, आणि हवेवर थंड होणारे इंजिन असेल तर सिग्नलला उभे राहिल्यावर गुडघ्यांना धग लागते.

या व्यवस्थेचे स्वरूप एखाद्या जुन्या कचेरीसारखे आहे. बेंड पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर हा खालचा बातमीदार: पेट्रोल जास्त झाले की तो सुमारे ०.९ व्होल्टची आणि कमी पडले की ०.१ व्होल्टची वर्दी देतो, आणि ही वर्दी सारखी खालीवर होत असते. ईसीयू हा साहेब ती वाचून, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहावा याचा हुकूम प्रत्येक चक्रास नव्याने काढतो. तेव्हा कोणी नुसतेच पेट्रोल वाढवले, तर बातमीदार तत्काळ तसे कळवणार आणि साहेब ती वाढ रद्द करणार, हे उघड आहे. म्हणून हे मॉड्यूल दोन्ही वाटांवर ठाण मांडते. वरून येणाऱ्या हुकुमाचे मिलिसेकंद ते किंचित वाढवून इंजेक्टरला देते, आणि खालून जाणाऱ्या वर्दीतही असा फेरफार करते की साहेबाला सर्व काही आलबेल दिसावे. या मधल्या कारकुनाची युक्ती मला मोठी चतुर वाटते. प्रामाणिक वाटते असे मात्र म्हणवत नाही. शिवाय मूठ पूर्ण पिळली असता ईसीयू स्वतःच बातमीदाराचे ऐकणे सोडून पेट्रोल सढळ करतो, त्यामुळे मॉड्यूलच्या पेटीने कमाल वेगात अचाट भर पडल्याच्या जाहिराती मी फारशा गंभीरपणे वाचीत नाही. तिचा गुण दिसतो तो मधल्या, रोजच्या वापराच्या टप्प्यात.

माझ्या भाच्याने आपल्या साडेतीनशे सी.सी.च्या, एका सिलिंडरच्या गाडीवर हे काम पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये केले, तेव्हा टॉर्च धरण्याची कामगिरी माझ्याकडे होती. एरवी कोणत्याही क्रमाला न जुमानणारा हा मुलगा येथे क्रमाच्या बाबतीत सोवळे पाळत होता. त्याने इंधन-पंपाचा कप्लर काढून इंजिन चालू केले आणि ते आपोआप बंद पडू दिले. कारण पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या नळीत पेट्रोल दाबाने भरलेले असते, आणि तो दाब उतरवल्यावाचून नळी सोडवली तर तापल्या इंजिनावर फवारा उडावयाचा. मग चांगला तासभर इंजिन निवू दिले, बॅटरीची ऋण तार सोडवली, आणि टाकीचा मागचा बोल्ट काढून ती मागे सरकवून उचलली.

टाकीखालचे जग धुळीचे आणि अरुंद असते. इंजेक्टरच्या माथ्यावर दोन पिनांचा, अंगठ्याच्या पेराएवढा कप्लर असतो व त्याच्या पाठीवर प्लास्टिकची एक जीभ असते. ती नखाने पुरती दाबल्याशिवाय कप्लर सुटत नाही, आणि अधीर माणूस नेमका अशा वेळी वायर धरून ओढतो. "मामा, टॉर्च जरा डावीकडं घ्या. जीभ तुटली तर अख्खी हार्नेस बदलावी लागेल," असे तो दातांत केबल टाय धरूनच म्हणाला. जीभ दबली, कप्लर सुटला, आतल्या रबरी सीलला बसलेली धूळ त्याने सुक्या ब्रशाने झाडली, आणि दोन सुटलेल्या टोकांच्या मध्ये मॉड्यूलचे दोन कप्लर बसवले. प्रत्येक टोक बसताना होणारा 'टक्' हा आवाज ऐकू आल्याखेरीज तो पुढे सरकला नाही. सेन्सरच्या कप्लरचीही हीच गत. एकही वायर कापली गेली नाही, हे या कामाचे खरे सौजन्य. खरा वेळ गेला तो वायरी नेण्यात: इंजिनाच्या धगीपासून दूर, इग्निशन कॉइलला न लगटता, आणि टाकी परत बसल्यावर कोठे चेंगरणार नाहीत अशा बेताने.

ऋण तार शेवटी जोडून चावी फिरवली, पंपाची क्षणभराची गुणगुण ऐकू आली, आणि इंजिन सुरू झाल्यावर 'चेक इंजिन'चा दिवा विझला. मॉड्यूलवर निरनिराळे मॅप, म्हणजे पेट्रोल किती वाढवायचे याची कोष्टके, निवडण्याची सोय होती. तरुण माणसाने अर्थातच वरचा मॅप निवडला, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी व ॲव्हरेजमध्ये घट ही दोन्ही फळे त्याला लवकरच मिळाली. मॅप खाली आणल्यावर गाडी खरोखर सुधारली. तिसऱ्या गिअरमधले झटके गेले, फटाके कमी झाले, धग मात्र होती त्याहून थोडीच उणी. ॲव्हरेज पूर्वीइतके काही येत नाही, आणि येईल तरी कसे?

कायद्याची बाजू त्याला मीच ऐकवली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ला निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत फेरफार मान्य नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराबद्दल मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हीही, सांगितली आहेत. वॉरंटीचा प्रश्न आणखी निराळा. त्यावर, पेटी काढून कप्लर पूर्ववत जोडले की गाडी मूळपदी येते, पीयूसीच्या आदल्या दिवशी लोक तेच करतात, असे त्याचे उत्तर. पीयूसीची तपासणी उभ्या गाडीची असते, धूर मात्र चालत्या गाडीचा शहरात पसरतो, असे मी म्हणालो. तो काही बोलला नाही. पावसाळ्याआधी कप्लरांना लावायच्या ग्रीसची नळी तेवढी त्याने माझ्या खर्चाने मागवली.