समुद्रातल्या नद्या आणि आमची पेरणी



आमच्या गावापासून समुद्र फार लांब आहे. माझ्या वर्गातल्या एकानेही तो पाहिलेला नाही. मीही फक्त चित्रात पाहिला आहे. तरी त्याच समुद्राने एकदा आमच्या घरात भांडण लावले. ते कसे, ते सांगतो.

२०२३ सालची गोष्ट आहे. जून महिना कोरडा चालला होता. बातम्यांत सारखे सांगत होते, "यंदा एल निनो आहे, पाऊस कमी पडण्याची शक्यता आहे." जूनच्या शेवटी एक सर बरी पडली. वडील म्हणाले, "आबा, बियाणं घरात पडलंय. उरकून घेऊ." आजोबा म्हणाले, "एका सरीवर भरवसा ठेवू नको रे. जमीन वीतभर ओली होऊ दे." शब्दाला शब्द वाढला. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही. बियाणे उधारीवर आणलेले होते, त्यामुळे वडिलांनाही घोर होता. शेवटी पेरणी झाली आणि पाऊस गेला. निम्मे सोयाबीन उगवलेच नाही. दुबार पेरणी करावी लागली. पुढे ऑगस्टही कोरडा गेला. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता.

मी शाळेत विचारले, "गुरुजी, हा एल निनो कोण?" मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. आधी एक परात आणा."

गुरुजींनी परातीत पाणी भरले आणि वर लाकडाचा भुसा टाकला. मला एका बाजूने फुंकर मारायला सांगितली. भुसा पलीकडच्या काठाला गेला आणि तिथून कडेकडेने वळून परत आला. गुरुजी म्हणाले, "समुद्रावर वारा अशीच फुंकर मारतो. पाणी एका दिशेने वाहू लागते. पृथ्वी फिरते म्हणून ते वळते, किनारा आडवा आला की आणखी वळते. यालाच सागरी प्रवाह म्हणतात. या समुद्रातल्या नद्याच समजा."

मग काचेच्या बरणीत ऊन पाणी घेतले. माठातल्या गार पाण्यात शाई घालून ते चमच्याने हळूच बरणीत सोडले. निळे पाणी सरळ तळाशी गेले. गार पाणी जड असते. खारट पाणीही जड असते. ध्रुवाजवळ थंड झालेले खारे पाणी असेच खाली बुडते आणि तळातून दूर दूर सरकत जाते. म्हणजे समुद्र वरूनही वाहतो आणि खालूनही वाहतो.

हे पाणी आपल्याबरोबर ऊब किंवा गारवा घेऊन जाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने गल्फ स्ट्रीम नावाचा उष्ण प्रवाह वाहतो. जगातल्या साऱ्या नद्या एकत्र केल्या तरी तो त्यांच्यापेक्षा मोठा भरेल. इंग्लंडहून अमेरिकेला टपाल नेणाऱ्या बोटींना उशीर का होतो, हे बेंजामिन फ्रँकलिन यांनी शोधले. त्या बोटी या प्रवाहाच्या उलट चालत होत्या! देवमासे पकडणाऱ्या एका कप्तानाच्या मदतीने त्यांनी १७६९ च्या सुमारास प्रवाहाचा नकाशा छापून घेतला. हेच उबदार पाणी पुढे युरोपकडे जाते. नॉर्वेतले बर्गन गाव आणि ग्रीनलंडचे दक्षिण टोक नकाशात जवळजवळ एकाच रेषेवर आहेत. ग्रीनलंड बर्फाने झाकलेले आहे, पण बर्गनचे बंदर हिवाळ्यातही उघडे असते. उबदार पाणी आणि त्यावरून येणारा वारा यांची ही करामत आहे.

आता एल निनोकडे येऊ. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. (हा खायचा पेरू नव्हे!) त्याच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून थंड प्रवाह येतो. वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो, तेव्हा खालचे थंड पाणी वर येते. त्यात क्षार भरपूर असतात. त्यावर बारीक वनस्पती वाढतात आणि त्या खायला माशांचे थवेच्या थवे जमतात. ढकललेले कोमट पाणी पार प्रशांत महासागराच्या पश्चिमेला, इंडोनेशियाकडे जाऊन साचते. तिकडे समुद्राची पातळी सुमारे अर्धा मीटर जास्त असते. तिथे ढग होतात आणि खूप पाऊस पडतो.

पण काही वर्षांनी एकदा हा वारा मंदावतो. मग साचलेले कोमट पाणी उलटे पेरूकडे येते आणि मासे नाहीसे होतात. हे नाताळाच्या सुमारास जाणवते, म्हणून तिथल्या कोळ्यांनी त्याला एल निनो, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. बाळाचे नाव, पण खोडी केवढी! कोमट पाण्यामागे ढगही पूर्वेकडे सरकतात. तिकडे वर चढलेली हवा आपल्या बाजूला खाली उतरते. उतरत्या हवेत ढग नीट बनत नाहीत. म्हणून आपला पाऊस कमी होतो.

हे कोडे सोडवायची सुरुवात आपल्याच देशात झाली. १८९९ साली मोठा दुष्काळ पडला होता. पुढे १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या नोंदी जमवल्या. त्यांना दिसले की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो कमी होतो, जणू तराजूची दोन पारडीच. याचा कोमट पाण्याशी संबंध आहे, हे याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञांनी १९६९ साली दाखवून दिले.

मी विचारले, "मग एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच?" गुरुजी म्हणाले, "नाही. १९९७ साली फार मोठा एल निनो होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका पडला. त्या वर्षी आपल्या हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू जास्त तापली होती. तिने आपल्याला हात दिला असे मानतात. अंदाज म्हणजे निकाल नव्हे. सावध राहायचे, एवढेच."

कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. आजोबांची वीतभर ओल म्हणजे हेच की! मग मी सरळ उभ्या कडांचा एक डबा अंगणात ठेवला. पावसाळ्यात रोज सकाळी पट्टीने पाणी मोजायचे, वहीत लिहायचे, डबा रिकामा करायचा आणि बेरीज करायची. दहा सेंटिमीटर भरले की शंभर मिलिमीटर झाले.

आता जून आला की वडील चहा पिताना विचारतात, "किती झाली रे बेरीज?" आजोबा गालात हसतात. भांडण होत नाही.

मित्रांनो, तुम्हीही असा डबा ठेवा. पेरूचा समुद्र आपल्या हातात नाही, पण आपल्या अंगणातला पाऊस मोजणे आपल्या हातात आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी