टर्कीचा खिमा घेताना
अमेरिकेत बीफऐवजी टर्कीचा खिमा आणला की जेवण आपोआप हलकं होतं, हा समज अर्धाच खरा आहे. कातडी आणि तंगडीचं मांस धरून केलेल्या खिम्यात १५ टक्के चरबी असू शकते. तेवढ्याच चरबीचं बीफही तिथे मिळतं. म्हणून पाकिटावर ‘९३/७’ शोधावं: १०० ग्रॅममागे चरबी ७ ग्रॅम, ‘८०/२०’ बीफमध्ये २०. निव्वळ छातीच्या मांसाचा खिमा फार कोरडा होतो. तो मी सुचवणार नाही. चरबी कमी असली की खिमा कोरडा लागू शकतो, तेव्हा कांदा-टोमॅटो सढळ हाताने घालावा, थोडं दहीही. आलं-लसूण, गरम मसाला, मटार घातले की पोळीबरोबर फारच छान लागतो. मात्र शिजताना आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोचायलाच हवं. बीफच्या खिम्याला ७१ पुरतं.