घरच्या घरी पद्मिनीला रंग : खरे काम घासाईचे

पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून गेली. हौशी मालकांच्या खासगी गाड्या मात्र अजून दारात उभ्या आहेत. घरीच रंग मारणारे बंधू घाई करतात ती घासाईत. गंजाचा फोड दिसला की ८० नंबरच्या पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा. गंजावरच लांबी भरली तर पावसाळ्यात रंग फुगणारच! लांबी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासावी. तीही लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, नुसत्या बोटांनी घासल्यास खळगे पडतात. त्याच दिवशी प्रायमर मारावा, मुंबईची दमट हवा उघड्या पत्र्याला सोडत नाही. प्रायमर वाळल्यावर ४०० नंबरचा पेपर पाण्याने चालवावा. जुन्या रंगात शिसे असू शकते. धुळीचा मास्क लावावा, रुमाल पुरत नाही.