सांगावंसं वाटेल असं घर

"आमचा काही सांगतच नाही हो!" आठवी-नववीतल्या मुलांच्या आयांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की पालकसभेत एखादी आई बोलायला उठली की तिचं पहिलं वाक्य मला आधीच ठाऊक असतं. मुलींच्या आया तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगतात. "पूर्वी शाळेतून आली की मागे मागे फिरून बडबडायची, आता खोलीचं दार लावून घेते." मानसशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे शाळांमधून अशा सभांना बोलावणं येतं. भाषण संपलं की प्रश्न सुरू होतात, आणि त्यांचा रोख बहुधा एकच असतो. लक्ष कसं ठेवायचं? दप्तर तपासावं का? मोबाइल उघडून बघावा का? क्लासला म्हणून गेलेला मुलगा खरोखर क्लासलाच गेला, याची खात्री कशी करून घ्यायची?

या प्रश्नांमागची काळजी खरी आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलाचं सगळं जग आपल्या नजरेच्या टप्प्यात असतं. त्याचे मित्र आपल्याला नावानिशी ठाऊक असतात, त्याची भांडणं आपणच सोडवलेली असतात. मग दोन-तीन वर्षांत ते जग झपाट्यानं पसरतं आणि आपल्या वाट्याला त्यातला एक छोटासा तुकडा उरतो. अशा वेळी आईबाप धास्तावणारच. आणि धास्तावलेल्या माणसाला पहिला उपाय सुचतो तो पहाऱ्याचा. हल्ली तर मूल या क्षणी कुठल्या रस्त्यावर आहे, हेसुद्धा आईच्या फोनवर दिसतं.

मानसशास्त्रज्ञसुद्धा बराच काळ याच मताचे होते. ज्या आईवडिलांना मुलांच्या येण्याजाण्याची, मित्रांची, पैशांची नीट माहिती असते त्यांची मुलं वाईट मार्गाला कमी लागतात, असं अमेरिकेतल्या अनेक पाहण्यांत पुन:पुन्हा दिसून आलं होतं. तिथल्या टीव्हीवर साठच्या दशकापासून रात्रीच्या बातम्यांआधी पालकांना विचारलं जाई, की दहा वाजले आहेत, तुमची मुलं या वेळी कुठे आहेत हे तुम्हांला ठाऊक आहे का? माहिती असलेली बरी, म्हणून पाळत ठेवलेली बरी, असा तो सरळ हिशेब होता.

या हिशेबातली खोट २००० साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी दाखवून दिली. होकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या दोघांनी १४ वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे आईवडील यांची पाहणी केली. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, जो आधीच्यांनी विचारलाच नव्हता. पालकांना ही माहिती मिळते कुठून? वाटा तीन असू शकतात. पालक विचारपूस करतात, मुलाकडे, त्याच्या मित्रांकडे, मित्रांच्या घरी. किंवा ते नियम घालतात, कुठे जायचं, कोणाबरोबर, किती वाजता परत यायचं. आणि तिसरी वाट म्हणजे मूल आपण होऊन सांगतं.

उत्तर असं निघालं की पालकांना असलेली माहिती मुख्यत: तिसऱ्या वाटेनं येते. आणि मुलाचं वागणं नीट असण्याशीही सर्वांत घट्ट संबंध दिसला तो याच गोष्टीचा. विचारपूस आणि नियम यांचा वाटा त्यामानानं बराच लहान होता.

याचा अर्थ नियम नकोत, असा कोणी काढू नये. रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं याला मर्यादा हवीच, आणि पाहणीवर नंतर पुष्कळ वादही झाले. काहींनी म्हटलं, की जो मुलगा आधीच वाकड्या वाटेला लागला आहे तो सांगेलच कशाला? म्हणजे न सांगणं हे कारण आहे की परिणाम? आक्षेपात तथ्य आहे. गोष्ट दोन्ही बाजूंनी घडत असणार. पण त्यामुळे आपला प्रश्न मात्र कायमचा बदलला. लक्ष कसं ठेवायचं, याच्या जागी आता विचारायला हवं, की मुलाला सांगावंसं केव्हा वाटतं आणि सांगणं तो बंद केव्हा करतो?

याचंही उत्तर पुढे शोधलं गेलं. २०१० साली लॉरी टिल्टन-वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्याच मुलांचा काही काळ मागोवा घेतला. मुलानं काही सांगितल्यावर आईवडील चिडले, टोमणा मारला किंवा नंतर तीच गोष्ट त्याच्यावर उलटवली, तर पुढच्या काळात मूल कमी सांगू लागतं आणि जास्त लपवू लागतं, असं त्यांना आढळलं. याउलट आस्थेनं ऐकलं गेलं तर बोलणं वाढतं. वाचताना वाटेल, यात नवल ते काय? पण आपल्या घरांत काय होतं ते आठवून पाहा. चाचणीत गणितात कमी मार्क मिळाले, हे मुलगा धीर करून सांगतो. त्यावर पहिलं वाक्य येतं, "मोबाइल ठेव म्हणून केव्हाची सांगतेय!" दुसरं वाक्य मामाच्या मुलाच्या मार्कांविषयी असतं. रात्री वडील घरी आल्यावर तोच विषय पुन्हा निघतो आणि रविवारी आलेल्या पाहुण्यांसमोर त्याची थट्टा होते. एका खऱ्या वाक्याची मुलानं चार वेळा किंमत मोजलेली असते. पुढच्या चाचणीचा पेपर तो घरी दाखवत नाही, तेव्हा आपण म्हणतो, हा खोटं बोलायला लागला.

मुलींच्या बाबतीत ही किंमत फार मोठी असते. एका तालुक्याच्या गावी सभेनंतर नववीतली एक मुलगी माझ्याशी बोलायला थांबली होती. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या मावसबहिणीनं घरी सांगितलं, की एसटी स्टँडपासून एक मुलगा रोज मागे येतो. दुसऱ्या दिवसापासून तिचीच शाळा बंद झाली. मग मी कशाला सांगू?" तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी सोपं उत्तर नव्हतं. त्या घरातल्या लोकांना वाटत होतं की आपण मुलीचं रक्षण केलं. प्रत्यक्षात गावातल्या किती मुलींनी त्या दिवसापासून तोंड मिटून घेतलं असेल! त्रास देणारा मोकळा आणि सांगणारी घरात, असा न्याय ज्या घरात होतो तिथे पुढच्या संकटाची बातमी सर्वांत शेवटी घरच्यांनाच कळते.

मुलांनी सगळंच सांगायला हवं, असंही नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ज्युडिथ स्मेटाना यांनी अनेक वर्षं याच विषयावर काम केलं. त्यांना असं दिसलं, की जिवाला धोका असेल किंवा कोणावर अन्याय होत असेल, अशा बाबतीत आईवडिलांचा अधिकार कुमारवयातली मुलं बऱ्यापैकी मान्य करतात. केस कसे ठेवायचे, कुठली गाणी ऐकायची, कोणाशी मैत्री करायची, हा मात्र आपला खाजगी मामला आहे असं ती मानतात. खटके उडतात ते मधल्या पट्ट्यात, जिथे आपल्याला वळण दिसतं आणि मुलाला स्वत:चा हक्क. केसांवरून रोज महाभारत घडलं, तर धोक्याच्या गोष्टीसाठी बोलायला जागाच उरत नाही. म्हणून काही गोष्टींवरून मी पालकांना सरळ सांगते, की हे सोडून द्या.

आता दुसरा प्रश्न. मूल आईवडिलांना सांगत नसेल तर कोणाला सांगेल? याचं एक मोलाचं उत्तर आपल्याच देशात, बिहारच्या नालंदा जिल्ह्यात मिळालं. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ७४ माध्यमिक शाळांमध्ये एक प्रयोग केला. नववीची सुमारे १३ हजार मुलं त्यात होती. शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटात मुलांसाठीचा कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकांनी राबवायचा. दुसऱ्यात तोच कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या, खास शिक्षण दिलेल्या पण मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या एका व्यक्तीनं राबवायचा. तिसऱ्यात नेहमीचं चालू ठेवायचं. कार्यक्रमात मोठं अवघड काही नव्हतं. भित्तिपत्रक, मुलांचे गट, चर्चा, ज्याला हवं त्याच्याशी एकट्यानं बोलणं, आणि मुलांनी आपली गाऱ्हाणी चिठ्ठीवर लिहून टाकायची एक पेटी.

निष्कर्ष २०१८ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाहेरच्या व्यक्तीनं काम केलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी, दांडगाई आणि मारामाऱ्या कमी झाल्या. शिक्षकांनी तोच कार्यक्रम राबवलेल्या शाळांमध्ये असा फरक दिसला नाही. शिक्षक वाईट होते, असं मुळीच नाही. त्यांच्या डोक्यावर आधीच अभ्यासक्रमाचं आणि कागदपत्रांचं ओझं असतं. पण मला वाटतं, आणखी एक गोष्ट आहे. जो मार्क देतो आणि जो घरी चिठ्ठी पाठवू शकतो, त्याच्यापाशी मन मोकळं करणं पंधरा वर्षांच्या मुलाला जड जातं. आईवडिलांचीही स्थिती बरीचशी तशीच असते. न्यायाधीश आणि वकील, दोन्ही आपणच!

म्हणून मुलाच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज आणखी एक जाणतं माणूस असावं लागतं. हवाई बेटांपैकी काऊई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे चांगली, कर्ती, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात जे समान सूत्र सापडलं त्यात एक ठळक होतं. त्यांच्या लहानपणी त्यांना जसं आहे तसं स्वीकारणारं निदान एक तरी माणूस होतं. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाच्या बाई.

आपल्याकडे हे काम आत्या, मामा, वाड्यातल्या काकू करत असत. कोणी त्याला समुपदेशन म्हणत नसे. आता घरं लहान झाली, मामा दुसऱ्या शहरात आणि शेजारचं दार बंद. तरी आपण ठरवलं तर असं एखादं माणूस मुलाला जोडून देता येतं. त्यासाठी एक पथ्य मात्र पाळावं लागतं. भाचीनं आपल्या बहिणीला काय सांगितलं, ते रात्री फोन करून काढून घ्यायचं नाही. जिवाचा धोका असेल तर बहीण स्वत:च सांगेल, एवढा तिच्यावर विश्वास ठेवायचा.

आणि मूल बोललंच, तर? १९८४ साली रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले. अडचण सुटण्यासारखी असेल तर ती सोडवायची. नसेल तर मनाला सावरायचं. मुलगा गणितात मागे पडला असेल तर वेळापत्रक उपयोगी पडेल. जिवाभावाची मैत्रीण तुटली असेल किंवा आजोबा गेले असतील, तर वेळापत्रकाचा काय उपयोग? आपण मोठी माणसं दोन्ही दु:खांवर एकच औषध देतो, उपदेशाचं. त्याऐवजी एवढंच विचारून पाहावं, "नुसतं ऐकू, की काही मार्ग काढायचाय?" बहुतेक मुलं पहिलं निवडतात. दुसरं, समोर बसवून "बोल!" म्हटल्यानं कोणी बोलत नाही. स्कूटरवर मागे बसलेलं असताना, मेथी निवडताना, रात्री दिवा मालवल्यावर मुलं बोलतात. एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून.

हे सगळं मी ज्या कारणानं लिहिते आहे, ते आकडे सुखाचे नाहीत. बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचं आढळलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात शाळा-कॉलेजातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता, १,७६४. यामागची कारणं एका ओळीत सांगता येत नाहीत आणि कोणत्याही आईबापांच्या माथी ती मारू नयेत. पण खाणंपिणं, झोप, मित्र यांत झालेला बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, आवडीच्या गोष्टी सुटल्या, "मी नसलेलाच बरा" असं काही बोलण्यात आलं, तर ते नाटक समजू नये. त्याला सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलण्याचा बांध फुटतो. मग त्याला एकटं न सोडता डॉक्टरांकडे न्यावं. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. पालकांनीही फोन करायला हरकत नाही.

हा क्रमांक फ्रिजच्या दारावर, दूधवाल्याच्या नंबरशेजारी लिहून ठेवावा. कोणाकडे रोख नाही, कोणाला उद्देशून नाही, असा. आणि पुढच्या वेळी मुलानं एखादी नकोशी बातमी सांगितली, की रागाचं पहिलं वाक्य गिळून म्हणावं, "बरं झालं सांगितलंस." पुढचं काय ते सकाळी चहा घेताना बोलता येईल.