गिटारसाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेताना

हर्णे बंदरावर राहणाऱ्या एका तरुणाने गेल्या पावसाळ्यात आम्हांला एक प्रश्न विचारला. प्रश्न धर्मशिक्षणाचा नव्हता. "फादर, मिस्सेच्या वेळी माझी इलेक्ट्रिक गिटार चर्चच्या लाऊडस्पीकरला जोडतो, पण आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो. ट्यूबचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा म्हणतो. तीस हजार साठवले आहेत. चांगला मिळेल का?" असा प्रश्न अलीकडे निरनिराळ्या धर्मग्रामांतील गायकवृंदांकडून वारंवार येऊ लागला आहे. पैसा बहुधा आईवडिलांचा किंवा युवा संघाचा असतो आणि एकदा घेतलेली वस्तू दहा-पंधरा वर्षे वापरावी लागते. म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत.

प्रथम त्या पत्र्यासारख्या आवाजाविषयी. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालील चुंबकीय पिकअप अतिशय क्षीण संकेत देतो. हा संकेत सरळ चर्चच्या मिक्सरमध्ये घातला, तर दोन गोष्टी बिघडतात. मिक्सरची सर्वसाधारण जोडणी या पिकअपच्या स्वभावाला मानवत नाही, त्यामुळे आवाज निस्तेज होतो. शिवाय प्रवचनाचे शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून बसविलेले स्पीकर उंच पट्टीचा प्रत्येक खरखराट बाहेर टाकतात. गिटारसाठी बनविलेला स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्‌झच्या वरचे फारसे काही ऐकवीतच नाही, आणि त्याच्या या 'उणिवे'मुळेच गिटार गोड लागते. तेव्हा त्या तरुणाला गिटारचा स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर हवा, हे खरे. तो ट्यूबचाच हवा का, हा पुढचा प्रश्न.

ज्याला आजची मुले 'ट्यूब' म्हणतात, त्याला आमच्या लहानपणी 'व्हॉल्व्ह' म्हणत. घरातला जुना रेडिओ लावला की आवाज येण्यापूर्वी क्षणभर थांबावे लागे. आत काचेच्या नळ्या तांबूस होत, मग आकाशवाणी बोलू लागे. या निर्वात नळीत एक वात तापते, तिच्या उष्णतेने धातूच्या कांडीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. वाटेत तारेची एक जाळी असते. गिटारचा क्षीण संकेत या जाळीवर दिला, की त्या बारीक चढउताराबरोबर इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा कमीअधिक होतो. ट्रान्झिस्टरही तत्त्वतः हेच काम करतो. फरक दिसतो तो त्यांच्यावर ताण आल्यावर. साध्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा ओलांडली की ध्वनिलहरीचा माथा कापल्यासारखा सपाट होतो व आवाज कर्कश फाटतो. व्हॉल्व्ह मात्र हळूहळू दबत जातो आणि आवाज दाट होतो. तार हळू छेडली तर स्वर स्वच्छ, जोरात छेडली तर किंचित खरखरीत, असा हाताला प्रतिसाद मिळतो. वादकांना मोह पडतो तो याचा.

या अ‍ॅम्प्लिफायरांचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करीत. त्यांच्या कारखान्याचा 'चॅम्प' म्हणजे एक छोटा रेडिओच म्हणावा, पाच वॅटचा. इंग्लंडमध्ये डार्टफर्ड येथे टॉम जेनिंग्ज यांचा ऑर्गनचा व्यवसाय होता. त्यातूनच 'व्हॉक्स' हे नाव पुढे आले आणि १९५८ साली त्यांचा एसी १५ हा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आला. लंडनचे वाद्यविक्रेते जिम मार्शल यांनी १९६२ साली फेंडरच्या 'बेसमन'वरून आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनविला. अमेरिकेतील कित्येक चर्चेसनी १९३५ नंतर घेतलेला हॅमंड ऑर्गनही व्हॉल्व्हवरच चालत असे. तेव्हा हे यंत्र केवळ रॉक संगीताचे आहे आणि उपासनेला परके आहे, असे मानण्याचे कारण नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी जे उपासनाविषयक संविधान प्रसृत केले, त्याच्या १२०व्या कलमात पाइप ऑर्गनचा गौरव करून इतर वाद्यांनाही, ती पवित्र कार्याला अनुरूप असतील तर, स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाव दिला आहे. वाद्य अनुरूप आहे की नाही हे पुष्कळदा त्याच्या आवाजाच्या पातळीवर ठरते, असा आमचा अनुभव आहे.

आणि या पातळीविषयीच सर्वांत मोठा गैरसमज आहे. अधिक वॅट म्हणजे अधिक चांगला अ‍ॅम्प्लिफायर, असे तरुण धरून चालतात. कानाचा हिशोब निराळा असतो. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो; कानाला 'दुप्पट' वाटण्यासाठी दहापट वॅट लागतात. म्हणजे शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पाच वॅटच्या वीसपट शक्तीचा असूनही ऐकायला जेमतेम अडीचपट मोठा लागतो. एक मीटरवर एका वॅटला ९५ डेसिबल देणारा सामान्य स्पीकर पाच वॅटवर १०२ डेसिबल देतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या गायिकेचा स्वर बुडवायला तेवढे पुरेसे आहे. शिवाय व्हॉल्व्हचा तो दाट आवाज त्याला बऱ्यापैकी ताण दिल्यावरच येतो. पन्नास वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन तो चर्चमध्ये एकावर ठेवला, तर पैसे ज्या गुणासाठी मोजले तो गुण ऐकूच येत नाही. घरात सराव आणि मध्यम आकाराचे चर्च यांसाठी पाच वॅट, फार तर पंधरा वॅट. मोठ्या सणाला मंडप असेल तर या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर एक मायक्रोफोन ठेवावा आणि उरलेले काम लाऊडस्पीकरवर सोपवावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे, हे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेची तयारी करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. राज्य शासन वर्षातील ठराविक दिवशी बारा वाजेपर्यंत जी सूट देते, ती आधी तपासून घ्यावी.

आता खरेदी. तीस हजारांत पंधरा वॅटचा नवा फेंडर ब्लूज ज्युनियर मिळत नाही. त्याची आशा सोडावी. पाहण्यासारखे आहेत ते एकाच शक्तिनळीचे छोटे अ‍ॅम्प्लिफायर. बुगेरा व्ही ५ मध्ये एक ईएल ८४ आणि एक १२एएक्स७ अशा दोनच नळ्या असून पाच, एक व दशांश वॅट अशी आवाज उतरविण्याची सोय आहे. घरात म्हातारी माणसे असतील तर हे बटण फार उपयोगी पडते. व्हॉक्सचा चार वॅटचा एसी ४ आणि ब्लॅकस्टारचा पाच वॅटचा एचटी ५ हेही याच जातीचे. जुने मिळाले तर विचार करावा. एपिफोनचा 'व्हॉल्व्ह ज्युनियर' आता नवा निघत नाही, परंतु त्याची रचना इतकी साधी आहे की रेडिओचा जुना कारागीरही तो उघडून वाचू शकेल.

जाहिरातीत 'ट्यूब' हा शब्द दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. काहींत पुढच्या भागात एकच १२एएक्स७ असते आणि मागे सारा ट्रान्झिस्टरांचा कारभार असतो. ते वाईट नसतात, पण व्हॉल्व्हची किंमत त्यांना देऊ नये. विक्रेत्याला सरळ विचारावे, "शक्तीची नळी कोणती?" उत्तरात ईएल ८४, ६व्ही६, ईएल ३४ किंवा ६एल६ यांपैकी नाव आले तर बहुधा खरा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर समजावा. (ब्लॅकस्टार एचटी ५ हा अपवाद, त्यात १२बीएच७ असते.) एकाच नळीला दोन नावे असतात हेही माहीत असावे: १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी ८३, आणि ईएल ८४ म्हणजेच ६बीक्यू५. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स पूर्वी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवीत असे. आज नळ्या प्रामुख्याने स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथून येतात. २०२२ च्या मार्च महिन्यात रशियातून होणारी निर्यात काही काळ थांबली, तेव्हा जगभर वादकांची धावपळ उडाली होती. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरबरोबरच एक जादा जोड घेऊन ठेवावा. शक्तीची नळी साधारण हजार-दोन हजार तास चालते, पुढच्या भागातील त्याहून बरीच अधिक.

बायस नावाची एक भानगड आहे. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरांत नळी बदलली की तिचा विद्युत्प्रवाह कारागिराकडून जुळवून घ्यावा लागतो. एका नळीच्या बहुतेक छोट्या अ‍ॅम्प्लिफायरांत ही जुळवणी आपोआप होते. नळी काढली, नवी बसविली, झाले. हर्ण्याहून खेडचे स्थानक गाठून मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाण्यात दिवस मोडतो, तेव्हा आमच्या मते ही सोय आवाजातल्या सूक्ष्म फरकांपेक्षा महत्त्वाची आहे.

समुद्रकाठचा प्रश्न वेगळा. हर्ण्याच्या पुळणीवर मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे आणि ज्यांची घरे सुवर्णदुर्गाकडून येणाऱ्या वाऱ्यात आहेत, त्यांना खारी हवा काय करते ते सांगायला नको. होडीवरच्या वायरींची टोके कशी हिरवी पडतात, हे तिथले शाळकरी पोरही जाणते. गंमत अशी की, व्हॉल्व्हच्या काचेला या हवेची भीती नाही. आत निर्वात पोकळीच आहे. गंजतात ते नळीचे सॉकेट, आवाजाची बटणे आणि जॅक. बुरशी धरतो तो स्पीकरचा कागद. उपाय साधा आहे. अ‍ॅम्प्लिफायर आठवड्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवावा, म्हणजे त्याच्याच उष्णतेने दमटपणा निघतो. तो जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावा आणि पूर्ण थंड झाल्यावरच सुती कापडाने झाकावा.

विजेचेही तसेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यातील गावे किती दिवस अंधारात होती, ते वाचकांना आठवत असेल. एरवीही पावसाळ्यात दाब खालीवर होतो. नळीची वात ६.३ व्होल्टसाठी केलेली असते. मुख्य दाब चढला की तीही अधिक तापते आणि आयुष्य घटते. चांगला स्टॅबिलायझर हा खरेदीचाच भाग समजून त्याचे पैसे तीस हजारांतून आधी बाजूला काढावेत. दुबई-कुवेतहून कोणी नातेवाईक अ‍ॅम्प्लिफायर आणीत असेल तर तिथला दाब आपल्यासारखाच आहे. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा मात्र थेट भिंतीत लावला की त्याच क्षणी जळेल.

जुना अ‍ॅम्प्लिफायर पाहायला जाताना गिटार बरोबर न्यावी व अर्धा तास वाजवावी. बटण फिरविताना होणारी खरखर धुता येते. सतत मोठी घरघर, करपल्याचा वास किंवा लाल भडकलेला नळीचा पत्रा दिसला तर परत यावे. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही वाजवू नये, कारण त्याचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळते आणि ते बदलण्याचा खर्च कधीकधी नव्या वस्तूच्या जवळ जातो. मागचे झाकण उघडून हात घालू नये. आत तीनशे व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बराच वेळ राहतो.

यापेक्षाही मोठा धोका झाकणाच्या बाहेर आहे. गिटारच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात आणि वादकाचा हात त्या तारांवर असतो. गाताना त्याचे ओठ मायक्रोफोनला लागतात आणि मायक्रोफोन दुसऱ्याच यंत्रणेचा असतो. दोहोंपैकी एकाचे अर्थिंग खोटे असले तर मधला माणूस हीच तार होते. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी नावाचा गिटारवादक प्रेक्षकांसमोर असाच मायक्रोफोनचा धक्का बसून मरण पावला. एका सणाच्या दिवशी मलाही वेदीजवळच्या मायक्रोफोनला ओठ लागताच मुंग्या आल्या होत्या, आणि आम्ही सारे हसलो होतो. आज हसलो नसतो. घरघर कमी व्हावी म्हणून प्लगची तिसरी पिन तोडण्याची एक वाईट खोड मंडपवाल्यांमध्ये आहे. ती पिन तोडू देऊ नये. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर व चर्चचा लाऊडस्पीकर एकाच बोर्डावरून घ्यावेत, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा आणि जांभ्याच्या जमिनीतील अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यात कोरडा पडू देऊ नये, त्यात पाणी घालीत राहावे.

हे सारे करण्याची तयारी नसेल तर ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. रोलंडचा जॅझ कोरस १९७५ पासून स्वच्छ आवाजासाठी नावाजलेला आहे, आणि बॉसच्या कटानासारखी नवी यंत्रे व्हॉल्व्हची नक्कल इतकी चांगली करतात की मागच्या बाकावरच्या भाविकांना फरक कळणार नाही. वादकाला कळेल. तारेखाली जो जिवंतपणा असतो तो त्याच्या बोटांना जाणवतो, आणि त्यासाठी एखाद्या तरुणाने वर्षभर पैसे साठविले असतील तर त्याला आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही.

त्या तरुणाला हे सर्व कळविले. अ‍ॅम्प्लिफायर त्याने अजून घेतलेला नाही. अर्थिंगचे वाचून त्याने प्रथम गावातल्या वायरमनला घरी बोलाविले. भिंतीवरचा सॉकेट उघडला तेव्हा तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. तीस हजारांतले पहिले पैसे त्या तारेवर आणि अंगणातल्या खड्ड्यावर खर्च झाले. उरलेल्यांत पाच वॅटचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर तो पाहून ठेवणार आहे.